जपानी सुलेखनाचं साहित्य: काही महिने वापरल्यानंतर

जपानी सुलेखन, म्हणजे शोदो, सुरू करायचं असेल तर पैसे ब्रशवर घाला, बाकी बरंचसं साधं चालतं. तोक्योत राहून, घराजवळच्या वर्गाला जाऊन आणि घरी सराव करून काही महिन्यांत माझं हे मत पक्कं झालंय.

माझ्याकडे दोन ब्रश आहेत. एक लेकीच्या शाळेच्या संचातला. इथे तिसरीपासून ब्रशने लिहायला शिकवतात, त्यामुळे शाळकरी मुलांच्या घरी असा संच असतोच. दुसरा कुमानोचा. हिरोशिमा प्रांतातल्या या गावात जपानमधले बहुतांश ब्रश तयार होतात आणि १९७५ साली त्यांना पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जा मिळाला. संचातल्या ब्रशचं टोक थोड्याच दिवसांत दुभंगायला लागलं. दाबून उचलला की केस पुन्हा जुळेनात. कुमानोचा ब्रश मिश्र केसांचा आहे, ताठ आणि मऊ केस एकत्र बांधलेला. ‘एइ’ या एका अक्षरात आठही मूळ फटकारे येतात, म्हणून सरावाला तेच देतात. त्यातली शेवटची उजवीकडे उतरणारी रेघ घ्या. खाली येता येता दाब वाढवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग ब्रश हळूहळू उचलत बाहेर काढायचा. चांगल्या ब्रशचे केस उचलताना आपोआप एकत्र येतात आणि रेघ टोकदार संपते. संचातल्या ब्रशने तिथे फाटकी शेपटी उरते, आणि नवख्या माणसाला वाटतं की आपलाच हात वाईट. पहिला ब्रश एका कागदावर चार ते सहा अक्षरं बसतील एवढ्या जाडीचा, मिश्र केसांचा घ्यावा. निव्वळ शेळीच्या केसांचा फार मऊ असतो, तो नंतर.

ब्रश टिकतो तो धुण्यावर. साध्या पाण्याखाली धरून केसांचं बूड बोटांनी दाबत राहायचं. वरून स्वच्छ दिसला तरी बुडातून काळं पाणी येतच असतं. ते थांबलं की टोक जुळवून, खाली तोंड करून टांगायचा. नव्या ब्रशवरचं प्लॅस्टिकचं टोपण परत लावू नका, आत ओल कोंडते. बारीक ब्रशचं मात्र फक्त टोक मोकळं करतात आणि ओल्या कागदावर पुसून घेतात.

शाईबद्दल मी दोन्ही बाजूंची आहे. रोजच्या सरावाला बाटलीतली तयार शाई, बोकुजू, पुरेशी आहे. पण आठवड्यातून एकदा तरी कांडी उगाळून बघाच. काजळी आणि सरस मळून, सुगंध घालून या कांड्या बनवतात. मुख्यतः नारा शहरात आणि थंडीच्या महिन्यांतच, कारण उन्हाळ्यात सरस खराब होतो. तिथलं कोबाइएन हे दुकान १५७७ पासून चालू आहे. सुझुरी, म्हणजे शाईच्या दगडाच्या सपाट भागावर थेंब थेंब पाणी घालत, अजिबात जोर न लावता गंधासारखी उगाळायची. पाणी दाटायला लागलं की खोलखोल वास येतो आणि मन आपसूक कागदाकडे वळतं. ही शाई कमी-जास्त दाट करता येते, त्यामुळे फिकट रेघेतला खेळ कळतो. काम झालं की कांडी पुसून ठेवा. दगडावर ओली ठेवली तर चिकटून बसते. दगड त्याच दिवशी धुवा. सुरुवातीला भारी दगडाची गरज नाही.

कागद हान्शी, साधारण २४ बाय ३३ सेंटीमीटर. सरावाला यंत्रावर बनलेला शंभर कागदांचा गठ्ठा घ्या. भरपूर कागद असला की हात मोकळा चालतो. गुळगुळीत बाजू वर ठेवायची. खाली घालायचं फेल्टचं कापड, शिताजिकी, टाळू नका. ते नसेल तर शाई टेबलावर उतरते आणि रेघेला खालून मऊ आधार मिळत नाही. कागद दाबायला बुन्चिन, म्हणजे धातूची जड पट्टी, मिळते. ती लगेच नाही घेतली तरी अडत नाही, कुठलीही स्वच्छ, जड वस्तू चालते.

पुण्यामुंबईत जपानी शिकणारे पुष्कळजण आहेत. त्यांच्यापैकी कुणी इथून साहित्य मागवणार असेल तर आधी ब्रश, मग एक कांडी मागवा. बाटली प्रवासात गळू शकते आणि दगड वजनाला जड पडतो.