म्हाताऱ्या कुत्र्याच्या रात्रीच्या येरझाऱ्या : दिनक्रम की औषध?

दहा-बारा वर्षांचा कुत्रा रात्री घरभर फिरू लागला, कोपऱ्यात अडकल्यासारखा उभा राहू लागला किंवा कारणावाचून भुंकू लागला, की त्याचा दिनक्रम बदलावा की पशुवैद्यकांकडून औषध घ्यावे, असा प्रश्न पडतो.

दिनक्रम बदलायला फारसा खर्च येत नाही. संध्याकाळचे फिरणे नियमित ठेवणे, निजण्यापूर्वी लघवीसाठी बाहेर नेणे, नजर अधू झाली असल्यास मंद दिवा लावणे आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरणे, एवढ्यानेही पुष्कळ कुत्री शांत होतात. मात्र अस्वस्थतेचे मूळ सांधेदुखीत असेल, तर लांबवलेला फेरफटका उलट त्रास वाढवतो.

औषधाची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिथे आधी निदान लागते. संधिवाताला वेदनाशामक, तर वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाला सेलेजिलीनसारखे औषध दिले जाते आणि त्याचा गुण दिसायला काही आठवडे जातात. केवळ गुंगी आणणारे अ‍ॅसेप्रोमाझिन शरीर शिथिल करते, पण भीती कमी करतेच असे नाही. मालकाला झोप मिळते, कुत्र्याला दिलासा नाही. घरातले आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर मनाने मुळीच देऊ नये, ते कुत्र्यांना विषारी ठरू शकते.

बदल हळूहळू झाला असेल, तर तपासणीची वेळ ठरवून तोवर दिनक्रमापासून सुरुवात करणे मला योग्य वाटते. अस्वस्थता अचानक उद्भवली, तहान वाढली किंवा पोट फुगले, तर थांबण्यात अर्थ नाही.