बांदिवड्यात कौल देणारा देव आणि न देणारा

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या बांदिवडे गावात नागेशीचं देऊळ नांदतं आहे. तिथला शिलालेख 1413 सालचा. त्याच गावात जैनकोटाचे, म्हणजे नेमिनाथ बस्तीचे (जैन मंदिराचे), भग्नावशेष आहेत. तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.

आपल्या देवळांत माणूस गाऱ्हाणं घालतो, नवस बोलतो, मूर्तीला पाकळ्या लावून कौल मागतो. उजवी पडली की जीव भांड्यात! देव ऐकतो, ही त्या श्रद्धेची जमीन.

जैनांचं गणितच निराळं. नेमिनाथ 22वे तीर्थंकर, पण जग घडवणारे नव्हेत. तीर्थंकर वीतराग, स्तुतीने खूश होत नाहीत, रागावतही नाहीत. कर्माचं फळ ज्याचं त्याने भोगायचं. मग पूजा कशाला? त्यांचे गुण आठवून आपला राग, लोभ ओसरावा म्हणून. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, आणि जास्त कठीणही. आजारी पोर उशाशी असताना एवढा विवेक कुठून आणायचा?

जैनांनाही ते ठाऊक असावं. नेमिनाथांसोबत अंबिका यक्षी, म्हणजे त्यांची सेवक देवता, असते, मांडीवर मूल घेतलेली. संसारातलं मागणं तिच्यापाशी. त्या बाबतीत ती आपल्या शांतादुर्गेपासून फार लांब नाही.