धनलाभ यंत्र: ४१ दिवसांचं सांगितलं होतं, ८६ व्या दिवशी रिव्ह्यू टाकतो

आधी रेटिंग देऊन टाकतो राजेहो. डबी चार स्टार, यंत्र एक स्टार, कस्टमर केअरले शून्य देता येत असता तर तेच दिलं असतं. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण उद्या ते मलेच म्हणतील की सिद्ध कर, आणि सगळं घोडं तिथंच तर अडलं आहे.

घेतलं बाबांनी. रात्री साडेअकराले टीव्हीवर ती लांबलचक जाहिरात चालते ना, एक माणूस आधी रडते, मग यंत्र घेते, मग चारचाकीतून उतरते, ती पाह्यली. कापूस घरात पडून, भाव नाही, बुढ्याले झोप नाही, लावला फोन. २,४९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही, फाट्यावरच्या पानठेल्यावर पैसे मोजून बाबांनी ते पिशवीत लपवून घरी आणलं, मायले दोन दिवस सांगितलं पण नाही.

आतमधी काय निघालं तर लाल मखमलीची डबी, तळहाताएवढा पिवळा पत्रा, एक माळ, गंगाजलाची इवलीशी बाटली (अर्धी रस्त्यातच गळलेली) आणि एक हिंदी पुस्तिका. पत्र्यावर नऊ घरांचा चौकोन, १ ते ९ आकडे, आणि पुस्तिकेत लिहिलं होतं की कुठूनही बेरीज करा १५ च येते. मी आडवी केली, उभी केली, तिरपी केली, खरंच १५ आली. पूर्ण पुस्तिकेतला हा एकच दावा मले घरी बसून तपासता आला आणि तो पास झाला, म्हणून एक स्टार.

बाकी सगळ्या अटी. पूर्वेकडे तोंड, मटन बंद, कांदा लसूण बंद, उधारी करू नये, कोणाले सांगू नये, आणि नवव्या नंबरवर खरी गंमत : मनात शंका आणल्यास फळ मिळणार नाही. म्हणजे पैसे आले तर यंत्रानं, नाही आले तर तुमच्या शंकेनं. हरायचा रस्ताच नाही ठेवला भाऊ यांनी.

४१ दिवस झाल्यावर मी फोन लावला. तिकडून एक पोरगी गोड आवाजात बोलली, "सरजी, श्रद्धा में कहीं कमी रह गई होगी." म्हटलं ताई, बाबांनी ४१ दिवस अंडं सुद्धा नाही खाल्लं. तर म्हणे घरात दुसऱ्या कोणी शंका घेतली असंल. आता घरात शंका घेणारा मीच, म्हणजे डिफेक्टिव्ह पीस मीच निघालो.

आता म्हणसाल अटी तर बियाण्याच्या बॅगवर पण असतात. असतात ना. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून सगळीकडं ओरड झाली होती, आमची पण एक बॅग पूर्ण वाया गेली. टॅगवर उगवण ७० टक्के लिहिलेली, वावरात दर हाताले दोन-तीन झाडं. कंपनीचा माणूस म्हणे पाऊस कमी असताना पेरलं असंल, खोल पेरलं असंल. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल नको, या अटी मोजता येतात. तालुक्याचे साहेब आले, माती उकरून पाह्यली, पंचनामा केला. श्रद्धा कोणत्या पट्टीनं मोजायची? आणि २०१२ मधी सुप्रीम कोर्टानं बियाण्याच्याच केसमधी सांगून ठेवलं आहे की शेतकरी सगळं बियाणं पेरून टाकते, तपासणीसाठी नमुना मागं ठेवंल ही अपेक्षाच धरता येत नाही. वस्तू विकणाऱ्यावर थोडाबहुत तरी बोजा आहे तिथं. यंत्राच्या धंद्यात सगळा बोजा घेणाऱ्याच्याच डोक्यावर.

हे सगळं मी पारावर बोललो अन् फसलो. गुरुजी (रिटायर, पण आवाज अजून वर्गातलाच) लगेच म्हणाले, "तू मोठा शहाणा हायेस ना, मंग देव नाही हे सिद्ध करून दाखव." म्हटलं गुरुजी, मी देवाचं नावच नाही घेतलं, मी २,४९९ रुपयांबद्दल बोलून राह्यलो. पण पारावर एकदा देव निघाला की बाकी विषय खाली बसतात. मग मी त्यांले बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाची किटली सांगितली. १९५२ मधी त्यानं लिहिलं होतं की पृथ्वी आणि मंगळाच्या मधात एक चिनीमातीची किटली सूर्याभोवती फिरते आणि ती एवढी बारकी आहे की दुर्बिणीतून पण दिसत नाही असं मी म्हटलं, तर ते खोटं आहे हे कोणालेच दाखवता येणार नाही, म्हणून काय ते खरं मानायचं? गुरुजी म्हणाले, "किटलीत चहा हाये का?" सगळे हसले, मीच हरलो असं ठरलं.

त्यातच मी आणखी एक चूक केली, जोशात बोलून गेलो की अन् हे पितळ पण नाही, डब्याचा पत्रा आहे पॉलिश केलेला. बाजूचे काकाजी एवढा वेळ चुपचाप तंबाखू मळत होते, ते म्हणाले, "हे तं तू म्हणून राह्यला ना बे, मंग आता तूच दाखव." बरोबरच होतं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणलं, पत्र्याले लावलं, चिपकलंच नाही. दारव्ह्याले गेलो तेव्हा भांडेवाल्याले दाखवलं, त्यानं कानशीनं कोपरा घासला आणि म्हणाला पितळ हाये, पातळ हाये पण हाये. परत येऊन पारावर मले माझे शब्द मागं घ्यावे लागले. जो म्हणंल त्यानं दाखवावं, हे मले लागू नाही असं थोडीच आहे.

बाबांची बाजू पण लिहितो नाहीतर एकतर्फी होईल. २६ व्या दिवशी बाबांच्या खात्यात २,००० रुपये आले. बाबा मोबाईल घेऊन मले उठवायले आले, "पाह्य, धनलाभ." तो पीएम किसानचा हप्ता होता राजेहो. त्याच दिवशी अर्ध्या गावाले आला, मटन खाणाऱ्यांले पण आला. बाबा म्हणे, "आपल्याले यंत्रानं नाही आला कशावरून?" आता याले काय उत्तर द्यायचं सांगा. आणि यंत्रानंच आला धरलं तरी ४९९ चा घाटा आहेच.

भाचा यवतमाळले वकिली करते, त्याले बिल दाखवलं. बिलावर लिहिलेलं, धातूची शोभेची वस्तू, एक नग. टीव्हीवर चमत्कार, बिलावर शोभेची वस्तू! भाचा म्हणाला मामा, कोर्टात जो म्हणते त्याले दाखवावं लागते, पुराव्याच्या कायद्यात आधी कलम १०१ होतं, जुलै २०२४ पासून नवीन साक्ष्य अधिनियमात ते १०४ झालं, त्यांनी धनलाभ कबूल केला होता हे तुम्हालेच दाखवावं लागंल, जाहिरात रेकॉर्ड केली होती का? कोण रेकॉर्ड करते रात्री साडेअकराले. पण त्यानं एक कामाची गोष्ट सांगितली. अशाच एका दुसऱ्या यंत्राच्या टीव्ही जाहिरातींविरुद्ध एक शिक्षक २०१५ मधी हायकोर्टात गेले होते, आणि जानेवारी २०२१ मधी औरंगाबाद खंडपीठानं सांगितलं की चमत्काराचे दावे करून अशी यंत्रं टीव्हीवर विकणं आपल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं बेकायदेशीर आहे. त्या कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरी जाहिरात चालूच आहे, फक्त माणूस आता वेगळा रडते.

आणि हाच कायदा वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, घरातली पूजा याले हात लावत नाही, तसं त्यात लिहूनच ठेवलं आहे. हे मायले सांगितलं तर माय तुळशीजवळून म्हणे, "मी दिवा लावतो तं कोणाले पैसे मागतो का? अन् तुले पटवाले पण येत नाही." मायकडून पुरावा मागायची माझी तरी हिंमत नाही, आणि कारण पण नाही, तिनं मले काही विकलं नाही.

रिफंडचं विचाराल तर डबीसकट परत पाठवा म्हणतात, आपल्या खर्चानं. डबीत मायचे सुई-दोरे गेले, ती आता देत नाही.

शेवटचं. काकाजींचा हप्ता दोनदा अडकला आहे, ई-केवायसी झालेली नाही. मी बाबांले म्हटलं यंत्र काकाजींच्या घरी ठेवा, केवायसी न करता पैसे आले तर मी पारावर सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडतो. बाबा लगेच तयार झाले, मानलं बुढ्याले. यंत्र गेलं तिकडं. आठ दिवसांनी कळलं की काकाजींनी यंत्र पण पूजलं आणि गुपचूप सेतूवर जाऊन अंगठा पण लावून आले. म्हटलं काकाजी, हे काऊन केलं, सगळी टेस्ट खराब केली ना. तर म्हणे, "तुह्या टेस्टसाठी मी हप्ता सोडू काय?"