बर्फातली पडकी भिंत ऑइलमध्ये: एका बैठकीत की थर देत?

आपल्याकडे थंडी म्हणजे मोहोर टिकतो की नाही ही काळजी, बर्फ बघितलाय कोणी, तरी बर्फातले भग्नावशेष रंगवायची हौस आली की येतेच. मी दोन्ही पद्धतींनी करून बघितलंय. एक, ओल्यावर ओला रंग, म्हणजे तीन-चार तासांत चित्र पुरं करूनच उठायचं. दुसरी, आधी पातळ अंडरपेंटिंग, म्हणजे तळाचा पहिला थर, ते वाळलं की पुढचा थर, मग अजून एक, असा महिना-दीड महिना.

बर्फासाठी पहिलीच मस्त. भिंतीच्या माथ्यावर पॅलेट नाइफने टायटॅनियम व्हाइटचा जाड लपका ओढला की खालचा ओला निळा त्यात जरासा ओढला जातो आणि सावली फुकटात मिळते. फ्रेंच चित्रकार मोनेचं १८६८-६९ चं 'मॅगपाय' बघा, नॉर्मंडीतलं बर्फाचं चित्र, कुंपणाच्या सावल्या सरळ निळ्या. पण अवशेषांची वाट लागते. ओल्या पांढऱ्याला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, लागला की चिखल, आणि कमानीची कड गेली की तो अवशेष राहत नाही, नुसता ढिगारा दिसतो.

पडझड दाखवायची तर थरच. जर्मन चित्रकार फ्रीडरिशचं ओकच्या झाडीतल्या मठाचं चित्र, १८०९-१० चं, पातळ पातळ थरांचं काम आहे. त्यातली कमान बाल्टिक किनाऱ्यावरच्या एल्डेनाच्या मठावरून घेतलीय, आणि तो मठ लाल विटांचा! त्यामुळे आपला जांभा बर्फात शोभेल का ही शंका सोडा, लालसर दगड आणि निळी सावली छान जमतं. फक्त एक पाळायचं, खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वर जाल तसं जवसाचं तेल वाढवायचं, उलटं केलंत तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात.

आता इथली खरी अडचण, वाळणं. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, दमट हवेत ते अजून रेंगाळतं. अंबर लवकर वाळतो, जाड पांढरा आठवडाभरानेही बोटाला लागतो. मी एकदा मिरगाच्या पावसात सुरू केलं, रात्री दिवा चालू राहिला आणि सकाळी बघतो तर दिव्याची पाखरं पंखासकट बर्फात रुतलेली, चिमट्याने काढता काढता अर्धी टेकडी गेली. वाळायला म्हणून कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या कॅनव्हासला मागून बुरशी, वर अंधारात तेल पिवळं पडतं ते वेगळंच (उजेडात ठेवलं की पुष्कळसं परत येतं). म्हणून थरांचं काम दिवाळीनंतरच काढा. पावसातच करायचं असेल तर एका बैठकीचं, छोट्या बोर्डवर, किंवा थरांत आल्किड मीडियम (रंग लवकर वाळवणारं मिश्रण) घालून.

पांढऱ्यात फार डोकं लावू नका, टायटॅनियम घ्या. झिंक व्हाइट पारदर्शक आणि नाजूक दिसतो खरा पण काही वर्षांनी ठिसूळ होतो.

आणि फोटोवरून सावल्या कॉपी करण्यापेक्षा सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या मिठागरावर जा, उन्हाळ्यात सकाळी लवकर, मिठाच्या ढिगाची उन्हातली बाजू किंचित पिवळसर आणि सावलीतली निळी-जांभळी दिसते. मी तिथे अल्ट्रामरिन निळा आणि चिमूटभर तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना पांढऱ्यात घालून ती सावली जुळवली, तेच मिश्रण बर्फाला चाललं.

माझं विचाराल तर भिंत थरांत करा, पूर्ण वाळू द्या आणि बर्फ शेवटी एकाच सकाळी जाड मारून मोकळे व्हा, म्हणजे चुकला तरी खालच्या कमानीला धक्का न लावता खरवडता येतो. रविवारचाच वेळ असेल आणि धीर नसेल तर अवशेष लांब, धुक्यात ठेवा आणि एका बैठकीत उरका, वाईट नाही दिसत. पांढऱ्याची ट्यूब मात्र मोठी घ्या, छोटी आभाळातच संपते.