ओल आलेलं छत आणि डागरोधक प्रायमर: नऊ महिन्यांनंतर

हॉलचं छत आणि त्याला लागून असलेली भिंत दुरुस्त करून रंगवल्याला नऊ महिने झाले. वरच्या बाथरूमच्या जाळीखालचा पाइपचा सांधा निसटला होता आणि पाणी स्लॅबमधून पाझरत खाली आलं होतं. डागांवर ऑइल बेस्ड डागरोधक प्रायमर मारला. डाग परत आलेला नाही. पण हे श्रेय एकट्या डब्याला देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

हेच काम आधी एकदा वाया गेलं होतं. सांधा बदलल्यावर पाचव्या दिवशी भिंत हाताला कोरडी लागली. लगेच पुट्टी भरली, साधा पाण्यातला प्रायमर मारला, वर इमल्शनचे (पाण्यातल्या रंगाचे) दोन हात दिले. तीन आठवड्यांत पांढऱ्या छतावर तपकिरी कड उमटली, अगदी जुन्याच जागी, जुन्याच आकाराची. भिंतीवर फुगे आले. एक फुगा नखाने दाबला तर रंगाचा पापुद्रा फुटून आतून मिठासारखी पांढरी भुकटी सांडली. लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार!

दोन्हींची कारणं वेगळी होती. डागातला रंग पाण्यात विरघळणारा असतो, त्यामुळे पाण्यातला रंग लावला की तो त्यात मिसळून वर येतो. एक हात द्या की चार, फरक पडत नाही. तेलातला किंवा शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर त्याला विरघळवत नाही, खाली कोंडून ठेवतो. लोण्याचं मात्र तसं नाही. भिंतीतलं पाणी बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक रंगाखाली वाढतात आणि रंग उचलतात. ओलसर भिंतीवर डागरोधक प्रायमर मारलात तर ओल आत अडकते आणि पोपडे आणखी लवकर निघतात.

दुसऱ्या वेळी सगळं खरवडलं. नाण्याने गिलावा ठोकून बघितला, जिथे बद्द आवाज आला तिथला पार विटेपर्यंत काढला. क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा केले. पाण्याने धुवायचा मोह होतो, पण धुतले तर ते विरघळून परत भिंतीतच मुरतात.

मग थांबलो. पूर्ण सहा आठवडे. हा सगळ्यात कंटाळवाणा भाग होता आणि काम टिकलं ते यामुळेच, हे मी ठामपणे सांगेन. भिंत आतून सुकली का, हे तपासायला दीड फुटी प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. पहिल्यांदा लावला तेव्हा भिंत दिसायला ठणठणीत कोरडी होती, पण प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंबांची जाळी धरली होती. चौथ्या वेळी प्लॅस्टिक स्वच्छ निघालं, तेव्हा कुठे पुट्टी आणली.

नवीन गिलावा त्या सहा आठवड्यांतच केला आणि त्याला 28 दिवस दिले. ताजं सिमेंट अल्कलीधर्मी (क्षारधर्मी) असतं, त्यावर तेलातला रंग लावला तर तेलाचा साबण होऊन थर चिकट पडतो. म्हणून नव्या तुकड्यांवर अल्कलीरोधक प्रायमर आणि फक्त जुन्या डागांवर तेलातला, डागाच्या कडेबाहेर वीतभर जाईपर्यंत.

आता तक्रारी. वास उग्र आहे, चार दिवस गेला नाही. खिडक्या उघड्या ठेवून आणि रेस्पिरेटर घालूनच काम करा. ब्रश टर्पेंटाइनशिवाय साफ होत नाही. छतावर नुसता डागापुरता इमल्शनचा हात दिला होता, तर संध्याकाळच्या तिरक्या उजेडात ठिगळ उठून दिसायचं. शेवटी अख्खं छत पुन्हा रंगवलं. जुन्या-नव्या गिलाव्याच्या सांध्यावर केसाएवढी चीर आली आहे. तिथे फायबरची जाळीपट्टी लावायला हवी होती, ती राहून गेली.

तुमच्या छतावर तांबूस डाग सरळ रेषेत असतील आणि त्या रेषेवर तडे असतील, तर प्रायमर आणूच नका. आतली सळई गंजली असण्याची शक्यता मोठी असते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट खाली ढकलतो. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आमच्याकडे आता एकच कोपरा सतावतोय, कपाटामागचा. सातव्या महिन्यात तिथे काळे ठिपके दिसले आणि पोटात गोळा आला. प्लॅस्टिक लावलं तर थेंब खोलीच्या बाजूला आले, भिंतीच्या बाजूला नाही. म्हणजे गळती नव्हती, हवेतलं बाष्प गार भिंतीवर धरत होतं. कपाट चार बोटं पुढे ओढलं, ठिपके पुसून काढले. दोन महिन्यांत नवे आलेले नाहीत. प्लॅस्टिकचा तुकडा मात्र तिथेच चिकटवून ठेवलाय, दर रविवारी बघते.