केमिकल सेफ्टी ट्रेनिंग घ्याच, पण मामा-मावशींना बसवणार असाल तर

मी पुण्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे, आमच्याकडे पीजी आणि रिसर्च दोन्ही चालतं, त्यामुळे सॉल्व्हंटपासून ॲसिडपर्यंत सगळं आमच्याच हातातून जातं. डिपार्टमेंटने या ट्रेनिंग कंपनीचं पूर्ण दिवसाचं केमिकल सेफ्टी ट्रेनिंग कॉलेजातच ठेवलं होतं. ट्रेनिंग चांगलं आहे, फक्त कोणाला बसवायचं ते बुकिंगच्या आधी ठरवा, सगळा फरक तिथेच पडतो.

यांचं नेहमीचं पॅकेज हाफ डेचं, फॅकल्टी आणि पीएचडीच्या मुलांसाठी, इंग्लिश स्लाइड्स आणि शेवटी सर्टिफिकेट. आमच्या मॅडमनी हट्टच धरला की अटेंडंट मामा आणि काँट्रॅक्टवरच्या सफाईच्या मावशी पण बसणार आणि बोलणं मराठीत हवं. बुकिंगवाल्यांनी आधी टाळाटाळ केली, त्यांना फार टेक्निकल होईल वगैरे, मग झाले तयार. अहो, काचेची भांडी कोण धुतं, वेस्टचे कॅन कोण उचलतं, बाटली फुटली की फडकं घेऊन पहिलं कोण धावतं? त्यांनाच वगळून कसलं सेफ्टी ट्रेनिंग करताय!

ट्रेनर सर एकदम तयारीचे, केमिकल प्लँटवर काम केलेले, मराठी बोलायला लागल्यावर तर अजूनच खुलले. सकाळी केमिकलच्या बाटल्यांवरची लेबलं घेतली. लाल काठाच्या चौकोनातली ती ९ चिन्हं, इंग्लिश येत नसलं तरी ओळखता येतात. कवटी सगळ्यांनाच माहिती असते, पण माणसाच्या छातीवर चांदणीसारखं काहीतरी फुटलेलं जे चिन्ह आहे ते म्हणजे कॅन्सर किंवा आतल्या अवयवांना हळूहळू होणारं नुकसान, हे आमच्या मामांना इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. सरांनी पोटॅशियम डायक्रोमेटची बाटली आणून ते चिन्ह दाखवलं, आणि याचंच क्रोमिक ॲसिड करून कित्येक कॉलेजांत अजून भांडी साफ करतात. आमच्याकडे ते त्याच आठवड्यात बंद झालं. मग एसडीएस, म्हणजे प्रत्येक केमिकलचं सुरक्षेचं माहितीपत्रक. त्यात १६ सेक्शन असतात, पण घाईच्या वेळी ४, ६ आणि ८ उघडा म्हणाले, म्हणजे फर्स्ट एड, सांडलं तर काय करायचं, आणि ग्लोव्ह-गॉगल कुठले.

सगळ्यात भारी भाग प्रत्यक्ष लॅबमधला. फ्यूम हूड म्हणजे विषारी वाफा ओढून बाहेर टाकणारं काचेचं कपाट, त्याच्या सरकत्या काचेच्या खालच्या कडेला त्यांनी टिश्यू पेपरची पट्टी चिकटवली. काच पूर्ण वर असताना पट्टी जेमतेम हलत होती, काच खाली आणल्यावर आत ओढली जायला लागली, मग हूडच्या मागच्या फटीला टेकवून ठेवलेले रिकाम्या बाटल्यांचे खोके बाहेर काढायला लावले आणि पट्टी सरळ आडवी झाली. मामा म्हणाले, मग इतके दिवस वास यायचा तो यामुळेच. हे स्लाइडवर कधीच कळलं नसतं.

ग्लोव्हचं पण नीट सांगितलं. पातळ नायट्राइलच्या ग्लोव्हमधून डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट काही मिनिटांतच आरपार जातं, म्हणजे सांडलं की ग्लोव्ह लगेच बदलायचे, 'घातलेत ना' म्हणून काम चालू ठेवायचं नाही. अमेरिकेतल्या डार्टमथच्या प्रोफेसर कॅरन वेटरहान यांचं सांगितलं, १९९६ मध्ये लेटेक्स ग्लोव्हवर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल विषारी संयुगाचे थेंब पडले आणि १९९७ मध्ये त्या गेल्या. हॉलमध्ये कोणी काही बोलेना.

आता हक्कांचं सेशन. यांच्या ब्रोशरमध्ये त्यावर जेमतेम एक ओळ आहे, पण माझ्या मते दिवसभरातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं. भोपाळ झालं १९८४ ला, त्यानंतर १९८७ मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्ये ४१-बी आणि १११-ए ही कलमं आली, कामगाराला धोक्याची माहिती द्यायची असं ठरलं, ट्रेनिंग मिळवण्याचा त्याला हक्क मिळाला. पण कॉलेजची लॅब म्हणजे फॅक्टरी नव्हे, मग आमचं काय? अमेरिकेत लॅबसाठी वेगळा नियम १९९० पासून आहे पण तोही नोकरीवरच्या माणसांपुरता. २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीत शेरी संगजी नावाची २३ वर्षांची मुलगी टर्ट-ब्युटाइल लिथियम या हवा लागताच पेटणाऱ्या केमिकलच्या आगीत भाजली, अंगात लॅबकोट नव्हता, स्वेटर सिंथेटिक, १८ दिवसांनी गेली. ती पगारी रिसर्च असिस्टंट होती म्हणून तिथल्या कामगार सुरक्षा खात्याला युनिव्हर्सिटीवर दंड लावता आला. फेलोशिपवरच्या, म्हणजे नोकरीत न धरल्या जाणाऱ्या आमच्या मुलांनी हे ऐकून एकमेकांकडे बघितलं.

तेवढ्यात एका मावशींनी विचारलं, 'बेसिनपाशी बिनलेबलाच्या बाटल्या ठेवतात पोरं, त्या मी धुवायच्या का नाही?' सर म्हणाले, नाही, हात लावायचा नाही, आणि नाही म्हणलं म्हणून तुम्हाला कोणी बोलणार नाही असं तुमच्या एचओडींनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, आत्ताच लिहून द्यावं. एचओडी समोरच बसले होते, त्यांनी दिलं लिहून. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी नियमात आल्या, नवीन माणसाला ट्रेनिंगशिवाय लॅबमध्ये कामाला लावायचं नाही आणि रात्री एकट्याने काम करायचं नाही.

आता तक्रारी, आणि त्या छोट्या नाहीत. वेस्टचा भाग पार उरकला, नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोनचं वेस्ट एका कॅनमध्ये गेलं तर कॅन फुटू शकतो, याला अर्धा तास तरी हवा होता. आयवॉशचा, म्हणजे डोळे धुवायच्या नळाचा, नुसता फोटो दाखवला आणि १५ मिनिटं डोळा धुवा म्हणाले, आम्ही नंतर आमचा चालू करून बघितला तर आधी गढूळ पाणी आलं, तो दर आठवड्याला सोडायचा असतो हे सांगायला हवं होतं की नाही? हँडआउट सगळं इंग्लिश. आणि सर्टिफिकेट फक्त कॉलेजच्या रोलवरच्या लोकांना, काँट्रॅक्टवरच्या मावशींना 'एक्स्ट्रा चार्ज लागेल' म्हणे, हे मला अजिबात पटलेलं नाही, त्या पण दिवसभर बसल्या होत्या, प्रश्न पण त्यांनीच जास्त विचारले.

बुक करताना हाफ डे घेऊ नका, मराठीत हवंय आणि लॅबमधलं प्रात्यक्षिक हवंय हे मेलवर लिहून घ्या, काँट्रॅक्टवरच्या लोकांची नावं पहिल्याच यादीत घाला म्हणजे सर्टिफिकेटचा घोळ होणार नाही. ४ स्टार देतेय ते ट्रेनर सरांसाठी.