कडे की ट्रान्समीटर? ठाणे खाडीतील पक्षी धरण्यापूर्वी

ठाणे खाडीतील स्थलांतरित किनारपक्ष्यांच्या पायात कडे (क्रमांक असलेली हलकी रिंग) व रंगीत फ्लॅग (दुरून ओळखू येणारी पट्टी) घालावा की त्यांच्यावर जीपीएस ट्रान्समीटर बसवावा, हा निर्णय बहुधा अनुदानाच्या रकमेवर ठरतो. पक्ष्याच्या बाजूने पाहिल्यास हिशेब वेगळा निघतो.

कड्याचे वजन नगण्य असले, तरी कडे घातलेले फार थोडे पक्षी पुन्हा नजरेस पडतात, म्हणून पुष्कळ पक्षी धरावे लागतात. आणि मोठा धोका धरण्यातच असतो. किनारपक्ष्यांसाठी मिस्ट नेट, म्हणजे सहज न दिसणारे बारीक धाग्यांचे जाळे, अंधारात लावतात. त्यासाठी अमावस्येच्या रात्री सोयीच्या, परंतु उधाणाची भरतीही त्याच सुमारास येते, आणि जाळ्याचा खालचा झोळ पाण्याला टेकला तर अडकलेला पक्षी बुडतो. उत्तर अमेरिकेतील नोंदींवर आधारलेल्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिस्ट नेटमधील इजेचे प्रमाण 0.59 टक्के, तर मृत्यूचे 0.23 टक्के आढळले. हे आकडे दिलासादायक असले, तरी लांब पायांच्या पक्ष्यांत धडपडीमुळे होणारी स्नायूंची हानी अनेकदा सोडल्यानंतर उघड होते, आणि तेव्हा मोजायला कोणी नसते.

ट्रान्समीटरला थोडे पक्षी पुरतात, पण ओझे दीर्घकाळ राहते. ते शरीराच्या वजनाच्या 3 टक्क्यांहून अधिक नसावे, असा संकेत आहे. 25 ग्रॅमच्या छोट्या टिलव्याला (लिटल स्टिंट) म्हणजे जेमतेम पाऊण ग्रॅम! शिवाय हे पक्षी परतीच्या प्रवासापूर्वी चरबी साठवून बरेच जड होतात, त्यामुळे हिवाळ्यात बेताने बसवलेला ट्रान्समीटरचा पट्टा वसंतात काचू शकतो.

केवळ संख्या हवी असेल, तर भरतीच्या वेळी विश्रांतीस्थळी गणना करावी. जाळे लावूच नये. लहान किनारपक्ष्यांसाठी माझा कौल कडे व फ्लॅगला आहे, तोही 1927 पासून कडी घालणाऱ्या बीएनएचएससारख्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) संस्थेतील अनुभवी हातांखाली शिकल्यावरच. 1972 च्या वन्यजीव कायद्याखालील परवानगी हे कौशल्य देत नाही. दीड-दोन किलोच्या छोट्या रोहिताला (लेसर फ्लेमिंगो) ट्रान्समीटर पेलतो, आणि भरतीला तो नेरुळच्या कोणत्या पाणथळीवर जातो, हे मोजक्या पक्ष्यांवरूनही कळते. मात्र पक्षी दमलेला दिसल्यास ट्रान्समीटर न बसवताच त्याला सोडण्याची अट प्रकल्पाच्या प्रस्तावातच लिहावी.